पिवळं थेंबथेंब

३ ऑक्टोबर

मामा,

मी ठीक आहे, जेवण वेळेवर होतंय, खोलीची खिडकी आता नीट लागते. कडी मीच बसवली. घरमालकीण म्हणाली, "केमिस्ट ना तुम्ही? मग सुताराच्या पोटावर पाय कशाला देता?" आईला एवढंच वाचून दाखव. पुढचं तुझ्यापुरतं.

मला भीती वाटतेय. नोकरीला लागून आठ महिने झाले आणि पहिल्यांदाच कारखान्याच्या फाटकाशी थांबून मग आत जाते.

आमच्या दोन नंबरच्या रिअ‍ॅक्टरमध्ये काय बनतं ते पत्रात लिहायची बंदी आहे. तशीही इथली माणसं मालाची नावं घेत नाहीत. पिवळ्या ड्रममधलं ते पिवळं, पांढऱ्या ड्रममधलं ते पांढरं. दोन्ही भरपूर द्रावकात एकत्र आणली की एकाला एक जोडलं जाऊन माल तयार होतो आणि उष्णता सुटते. ती भांड्याभोवतीच्या जॅकेटमधलं थंड पाणी घेऊन जातं. बावीस वर्षं हे असंच चाललंय. आता नवीन साहेब आलेत आणि त्यांनी फर्मान काढलंय, द्रावक निम्मं करा. म्हणजे तेवढ्याच भांड्यात दुप्पट माल. चाचणी २४ तारखेला, माझ्या पाळीत.

कागदावर सगळं बसतं. जुन्या फाईलमध्ये वेगाचं समीकरण दिलंय : वेग म्हणजे एक स्थिरांक, गुणिले पिवळं, गुणिले पांढरं. दोन्ही दुप्पट दाट झाली की वेग चौपट, उष्णता चौपट. आमचं थंड पाणी पाचपट उष्णता पेलतं. मग मी कशाला घाबरते?

कारण मी सोमवारी हे छोट्या चंबूत करून पाहिलं. माझ्या हिशोबाने पारा साठच्या आसपास थांबायला हवा होता. तो थांबला नाही. चंबू उकळून बाहेर आला, चष्म्यावर उडालं. डोळा वाचला. साहेबांना सांगितलं तर म्हणाले, हात स्थिर नसेल. ऑपरेटर काका मात्र हसले नाहीत. ते या भांड्यावर पहिल्या दिवसापासून आहेत, सहा महिन्यांनी निवृत्त होतील. ते म्हणाले, "ताई, या भांड्याला मी ओळखतो. पण द्रावक निम्मं केल्यावर ते मला ओळखेल का?"

मी कुठे चुकतेय ते सांग. कॉलेजात माझ्या वहीवर लाल पेन चालवायचास तसं सांग, मला चालेल.

तुझी,
खार

७ ऑक्टोबर

खारूताई,

चष्म्यावर उडालं हे वाचून काळजात धस्स झालं. यापुढे तोंड चंबूवर नेऊन उभी राहू नकोस. पहिल्या वर्षाच्या पोरांना सांगतो तेच तुला सांगावं लागतंय.

आता बाकीचं. उगाच घाबरू नकोस. छोट्या चंबूत असं होतंच. तिथे जॅकेट नाही, ढवळणं हाताचं, थर्मामीटर शाळेतला. त्यावरून बावीस वर्षं चाललेल्या फाईलला खोटं ठरवायचं म्हणजे फारच झालं. ज्याने कोणी ती केली असेल त्याने विचार करूनच केली असेल. चौपट म्हणजे चौपट.

तरी जिवाला घोर लागला असेल तर एक सोपा उपाय आहे. दोन्ही एकदम भरू नका. पांढरं सगळं आधी भांड्यात घ्या आणि त्यावर पिवळं थेंबथेंब सोडा. जेवढं पडेल तेवढं लगेच संपेल आणि तेवढीच उष्णता निघेल. पारा चढला की तोटी बंद. तोटी तुझ्या हातात म्हणजे भांडं तुझ्या हातात. साहेबांना नीट शब्दांत सांग, ऐकतील.

ताईला तुझं पत्र वाचून दाखवलं, खिडकीपर्यंतच. ती म्हणाली, खिडकीची कडी बसवते पण दोन ओळी जास्त लिहिता येत नाहीत.

त्या फाईलचं कव्हर हिरवं आहे का? सहज विचारतो.

मामा

१२ ऑक्टोबर

मामा,

तुझ्या पत्राने जिवात जीव आला. साहेबांना थेंबांचा उपाय सांगितला आणि आठ महिन्यांत पहिल्यांदाच ते म्हणाले, "हे शहाणपणाचं आहे." लगेच टाईप करून सही केली : पांढरं सगळं आधी, पिवळं तीन तासांत हळूहळू. काकांनीही मान डोलावली. मी दोन दिवस शांत झोपले.

फक्त चाचणी अलीकडे आलीय. वरून कोणीतरी पाहायला येणार आहे, म्हणून २४ ऐवजी २०. साहेबही घाबरलेत, दाखवत नाहीत. त्यांची बदली होऊन इथे तीनच महिने झालेत.

आणि एक गोष्ट आहे, ती तुलाच विचारू शकते. चंबूचं काही मनातून जात नव्हतं. तू म्हणालास म्हणून ढवळणं, थर्मामीटर सगळं सुधारलं. तीन चंबू बर्फाच्या पाण्यात ठेवले, पारा हलूच दिला नाही. एकात नेहमीचं मिश्रण. दुसऱ्यात फक्त पांढरं दुप्पट. तिसऱ्यात फक्त पिवळं दुप्पट. दर मिनिटाला नमुना काढून सुरुवातीचा वेग मोजला. पांढरं दुप्पट केल्यावर वेग दुप्पट झाला, फाईलप्रमाणे. पण पिवळं दुप्पट केल्यावर वेग चौपट झाला, मामा. पुन्हा केलं. तीन पूर्णांक नऊ. तिसऱ्यांदा केलं, पुन्हा चार.

म्हणजे निम्म्या द्रावकात वेग चौपट नाही, आठपट. पाणी पाचपटीचंच आहे. पण असं कसं होईल? एक पिवळं अधिक एक पांढरं, एक माल. समीकरणात पिवळं एकदाच आहे. मग वेगात त्याचा वर्ग कुठून आला? मी डोकं फोडलं, सुचत नाही.

असो. आता थेंबथेंबच सोडणार आहोत, त्यामुळे आठपट असलं तरी बिघडत नाही ना? मी तुझ्या थेंबांवर विसंबून आहे.

फाईलचं कव्हर हिरवंच आहे. तुला कसं कळलं? पहिलं पान कुणीतरी फाडलंय.

खार

१६ ऑक्टोबर

खार,

तुझं पत्र आत्ता आलं. तार केली आहे, ती आधी पोचेल. तारबाबूने "पिवळं आधी भर, पांढरं थेंबथेंब" हे दोनदा वाचलं आणि माझ्याकडे चोर असल्यासारखं पाहिलं. या पत्रात कारण लिहितो, तेवढं साहेबांना दाखव.

पिवळं थेंबथेंब सोडू नका. माझा उपाय चूक आहे. नुसता चूक नाही, जीव घेईल असा आहे.

तुझे आकडे बरोबर आहेत. मी इथे बसून पायऱ्या मांडल्या. एकूण समीकरणात जे दिसतं ते पायऱ्यांची बेरीज असते, पायऱ्या नसतात. इथे दोन असाव्यात. पहिली : पिवळ्याचे दोन रेणू एकत्र येऊन जोडी करतात. ही झटपट होते आणि तितकीच झटपट मोडते. कुठल्याही क्षणी जोड्या थोड्याच असतात. दुसरी : अशी एखादी जोडी पांढऱ्याला भेटते, माल तयार होतो आणि जोडीतलं एक पिवळं मोकळं सुटतं. ही पायरी सावकाश. दोन्ही पायऱ्यांची बेरीज कर. जोडी दोन्हीकडून जाते, मोकळं सुटलेलं पिवळं वजा होतं, उरतं एक पिवळं आणि एक पांढरं. वरून बघणाऱ्याला जोडीचा मागमूसही लागत नाही.

वेग ठरतो सावकाश पायरीवर : जोड्या गुणिले पांढरं. पण जोड्या आपण ड्रममधून मोजून घालत नाही, त्यामुळे समीकरणात त्या ठेवता येत नाहीत. त्यांच्या जागी जे मोजता येतं ते घालायचं. पहिली पायरी समतोलात आहे, म्हणून जोड्या किती तर पिवळं गुणिले पिवळं, त्या प्रमाणात. झाला तुझा वर्ग. दोन हमाल एकत्र भेटल्याशिवाय कपाट उचललं जात नाही असं समज. हमाल दुप्पट झाले की त्यांच्या भेटी चौपट होतात. हीच यंत्रणा खरी आहे असं मी शपथेवर सांगणार नाही, आकड्यांशी जुळते एवढंच कुणालाही म्हणता येतं. पण वर्ग खरा आहे. तो तू मोजला आहेस.

आता थेंबांचं बघ. भांड्यात पिवळं थोडं असताना त्याचा वर्ग फारच थोडा. नेहमीच्या एक दशांश पिवळं असेल तर फाईल सांगते त्याच्याही एक दशांश वेग. म्हणजे पडलेलं पिवळं संपणारच नाही, साठत राहील. पारा हलणार नाही. तुम्ही म्हणाल किती छान चाललंय. आणि पुरेसं साठलं की ते सगळं एकदम पेटेल, तेव्हा तोटी बंद करून काय उपयोग? उलट करा. पिवळं सगळं आधी, पांढरं थेंबथेंब. मग पडेल ते पांढरं लगेच संपतं. शेवटी पिवळं विरळ झालं की तोटी आणखी बारीक करा.

आणि कव्हर हिरवं आहे हे मला कसं कळलं. ती फाईल माझी आहे. बावीस वर्षांपूर्वी सुट्टीत मी ती केली. पांढरं बदलून बारा प्रयोग केले, पिवळं बदलून एकही नाही. समीकरण एकास एक होतं, मला वाटलं, यात काय बघायचं. समीकरणातले आकडे बघून वेगाचा घात लिहू नका असं वर्षभर पोरांना ओरडून सांगायचं आणि स्वतः तेच करायचं. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हाच मला शंका आली होती. तरी दोष तुझ्या चंबूला दिला, कारण तुझ्यासमोर चूक कबूल करायची लाज वाटली. लाज झाकायला उपाय सांगितला, तोही त्याच चुकीच्या समीकरणावरून.

साहेबांना वेगळं पत्र सहीनिशी सोबत जोडलं आहे. पाया पडतो, ते काम थांबव.

मामा

१९ ऑक्टोबर

मामा,

तार सतराला आली. कारण नव्हतं, त्यामुळे साहेब म्हणाले, "सातला एक सांगतात, सोळाला उलटं. कुठल्या मामांचं ऐकू?" मी म्हटलं, पत्र येऊ द्या. पत्र आज सकाळी आलं.

मी ते साहेबांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी दोनदा वाचलं. मग कपाट उघडून फाटलेलं पहिलं पान काढलं. तुझी सही. त्यांनी ते जपून ठेवलं होतं, कारण फाईलमधली तीच एक सही त्यांना भरवशाची वाटत होती. ते काही वाईट माणूस नाहीत, मामा. शांतपणे म्हणाले, "हे गृहस्थ लिहितात की तेव्हा पूर्ण खात्रीने सही केली आणि चुकलो. आज पूर्ण खात्रीने लिहितायत. यंत्रणा सिद्ध नाही असंही स्वतःच लिहितायत. बावीस वर्षं चाललेली फाईल मी कशाच्या जोरावर खोटी ठरवू, तेही पाहुणे यायच्या आदल्या दिवशी?"

माझे तीन चंबू दाखवले. ते म्हणाले, चंबूच ना ते.

उद्या दहा वाजता सुरू. पांढरं आधी, पिवळं थेंबथेंब, टाईप केलेल्या कागदाप्रमाणे. तुझा उपाय, माझ्या तोंडून गेलेला. नाही म्हणून घरी बसता येईल का, विचारलं मी. येईल, म्हणाले. पण मग भांड्यापाशी काका एकटे उभे राहतील. काकांना सगळं सांगितलं. त्यांनी डबा बंद केला, म्हणाले, "मग उद्या बूट घट्ट बांधून या."

मी घाबरलेय. आणि तुझा इतका राग आलाय की तो कुठे ठेवू कळत नाही. भूक लागल्यावर आईकडे जावं तशी मी घाबरल्यावर तुझ्याकडे आले, आणि तू माझी समजूत घातलीस. मोजलं नाहीस, समजूत घातलीस.

आईला काही सांगू नकोस. काही झालं तर तूच सांग.

खार

२२ ऑक्टोबर

खार,

तुझं १९चं पत्र आज मिळालं. चाचणी परवा झाली. कालच्या आणि आजच्या वर्तमानपत्रात काही नाही. काही नाही म्हणजे काय, तेही समजत नाही. तार नाही, पत्र नाही. कारखान्याला तार केली, उत्तर नाही.

सोळालाच मी स्वतः यायला हवं होतं. थांब्यावर गेलो होतो. दोन गाड्या सोडल्या आणि परत आलो. तुझ्या साहेबांसमोर उभं राहायची भीती वाटली. आता वाटतं, ती कसली भीती!

ताई दोनदा विचारून गेली, पत्र आलं का. मी म्हटलं, कामात असेल. खोटं बोलायला मला कधी अडचण आली नाही हे तुला आता माहीतच आहे. आता ती बाहेर कपडे वाळत घालतेय आणि तिच्याकडे बघायचं धाडस होत नाही.

एक ओळ लिही. शिवी लिही. नाव लिही नुसतं.

मामा

२४ ऑक्टोबर

मामा,

मी जिवंत आहे. काकाही. तार करता आली असती, मुद्दाम केली नाही. चार दिवस तुलाही कळू दे, भीती काय असते, म्हणून. आता त्याची लाज वाटते, पण केली नाही हे खरं.

दहाला सुरू केलं. पांढरं भांड्यात, पिवळ्याची तोटी बारीक. साहेब आणि पाहुणे खाली, काका आणि मी वर, भांड्याभोवतीच्या जाळीवर. पहिला तास पारा तिसावर. सव्वा तास, एकतीस. पाहुणे खूश. साहेबांनी खालून हात केला, "थंडच पडलंय, पाणी कमी करा, तोटी वाढवा." तू लिहिलं होतंस तसंच. मामा, पारा चढला असता तर मी एवढी घाबरले नसते. तो चढत नव्हता आणि मी मनात लिटर मोजत होते.

जॅकेटमधलं पाणी तेवढ्यात कमी झालं होतं. तीनशेपैकी एकशेवीस लिटर पिवळं गेलं होतं. मी तोटी बंद केली. साहेब शिडी चढून वर आले. मी म्हटलं, "फाईल बरोबर असेल तर पडलेलं पिवळं आत्तापर्यंत संपलं असणार. तोटी बंद आहे, म्हणजे आता काहीच व्हायला नको. मला दहा मिनिटं द्या. काही झालं नाही तर मी राजीनामा देते." त्यांनी घड्याळ पाहिलं. पाहुणे बघत होते. म्हणाले, "दहा."

तिसऱ्या मिनिटाला चौतीस. पाचव्याला एक्केचाळीस. तोटी बंद होती, तिच्यावर माझा हात होता, एक थेंब पडत नव्हता आणि काटा चढत होता. त्रेपन्न. काकांनी कुणाला न विचारता पाण्याचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडला. एकाहत्तर. पायाखालची जाळी थरथरायला लागली. साहेबांनी पाहुण्यांना बाहेर पिटाळलं आणि स्वतः परत वर आले, हे लिहायला हवं. सत्त्याण्णव. तिथे तो थांबला. एकशेवीसला भांड्याची झडप फुटते. काका काहीतरी पुटपुटत होते, जवळ गेले तर नातवंडांची नावं घेत होते. मग शहाण्णव. मग ब्याण्णव.

साहेब शिडीच्या पायरीवर बसले. म्हणाले, "उरलेलं एकशेऐंशी लिटर गेलं असतं तर?" पिवळ्याचा वर्ग त्यांनी स्वतःच्या हाताने फाईलमध्ये लिहिला. पुढच्या महिन्यात उलट्या क्रमाने, आधी लहान भांड्यात.

तुझा राग गेलेला नाही. पण तू ते पत्र लिहिलं नसतंस तर मी तोटी बंद केली नसती, हेही मला ठाऊक आहे. दोन्ही एकाच माणसाचं आहे, त्याला मी काय करू?

आता मी विचारते ते नीट वाच. निघताना साहेब म्हणाले की आमच्या कारखान्याने तुझं नाव दुसऱ्या एका कारखान्याकडून ऐकलं होतं. त्या सुट्टीत तू आणखी फायली केल्या होत्यास. किती? आणि त्यातही असंच केलं होतंस का? यावेळी समजूत घालू नकोस.

खार

२८ ऑक्टोबर

खार,

तुझं पत्र वाचून मी रडलो. ताईला सगळं सांगितलं, पहिल्या दिवसापासून. ती माझ्याशी बोलत नाही. बरोबर आहे.

सात. तुमची धरून सात. सगळ्या त्याच घाईत, त्याच पद्धतीने. एक पदार्थ बदलून बघायचा, दुसऱ्याचा घात एकूण समीकरणावरून उचलायचा. काही ठिकाणी तो योगायोगाने बरोबरही असेल. कुठे, ते मला माहीत नाही.

परवापासून माळ्यावरच्या वह्या काढून बसलोय. तीन कारखाने बंद पडलेत, चौकशी केली. दोघांना सहीनिशी पत्रं गेली, त्यातल्या एकाची तारेने पोच आली. आज दुसऱ्याकडे जातोय, उत्तराची वाट बघणार नाही. पहिली गाडी सोडणार नाही.

तुमचा धरून ते झाले सहा. सातव्या कारखान्याचं नाव कुठल्याच वहीत नाही. फाईल घ्यायला एक तरुण मुलगा आला होता, तुझ्याएवढाच असेल, नवीनच नोकरीला लागलेला. चहा न घेताच निघाला. दारात थांबून त्याने एवढंच विचारलं होतं, "सर, पुढे कधी द्रावक कमी करावंसं वाटलं तर चालेल ना?"

मी म्हणालो, खुशाल करा.

मामा